जावयाच्या गाडीवर फोडलेला नारळ

नारळ फुटला नाही. गाडी फुटली.

तीही रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, गल्लीतली पंधरा-सोळा माणसं हात जोडून उभी असताना. आक्काताईंनी उभ्या आयुष्यात पाचशेच्या वर नारळ फोडले असतील. एकतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळं नव्या खोलीचा नारळ त्यांचा, हातपंपाचा त्यांचा, सहलीच्या एसटीचाही त्यांचाच. एका दणक्यात दोन सारख्या वाट्या. "बाईंचा हात म्हंजे तराजू हाय," असं गल्ली म्हणायची. त्याच हातानं आज जावयाच्या गाडीला भोक पाडलं होतं, आणि त्या भोकात नारळ निम्मा आत, निम्मा बाहेर, शेंडी गल्लीकडं करून अडकून बसला होता.

मग शेजारच्या बाळाबाई पुढं झाल्या, नारळाच्या बाहेर राहिलेल्या भागाला त्यांनी हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. बाळाबाई कशालाही नमस्कार करतात हे खरं, पण ती वेळ नव्हती.

गाडी म्हणजे तशी गाडीही नव्हे. तिला इंजीन नव्हतं, स्टिअरिंग नव्हतं. जीपच्या मागं जोडून ओढत न्यायचं ते एक पांढरंशुभ्र घरच होतं. आत दोन बाकं, हातभर ओटा, एक कपाट आणि कोपऱ्यात आतून कडी लावता येईल असा संडास. डाव्या अंगाला डोंगराचं मोठं चित्र चिकटवलेलं. जावई पृथ्वीराजराव पुण्याचे. नोकरी सांभाळून ते ही गाडी सहलीला जाणाऱ्यांना भाड्यानं देत. त्या दिवशी सकाळी त्यांनी ती सासरवाडीच्या दारात लावली, जीप सोडवून घेतली आणि कामासाठी गोव्याला निघाले. जाताना म्हणाले, "शनिवारी येतो, आई. रविवारी तुम्हा दोघी बहिणींना राधानगरीला नेतो. सोमवारी गाडीचं बुकिंग आहे, तेवढी सांभाळा."

सांभाळा म्हणाले होते. सांभाळली. अर्धा तास.

पूजेचं टुमणं बाळाबाईंचंच. दारात नवीन वाहन बिनपूजेचं उभं राहिलं तर गल्लीला बाधतं म्हणे. पूजेची तयारी झाली तेव्हा कळलं की गाडीला तोंड नाही. हार कुठं घालायचा? एक म्हणाला दार तेच तोंड. दुसरा म्हणाला, "बैलगाडीचं तोंड कुठं असतंय? बैलाकडं. जिकडनं वढत्यात ते तोंड." हे पटलं. हार घातला. राहिला नारळ.

आणि तिथं आक्काताईंचे यजमान बाळासो आडवे आले. बाळासो साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दारापुढं पेव्हिंग ब्लॉक बसवून घ्यायला त्यांनी तीन वर्षं अर्ज केले होते. तीन वर्षं म्हणजे तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं की दुसरा अर्ज कुणाकडं होता ते सापडत नाही, अशी तीन वर्षं. ब्लॉक बसल्यापासून बाळासो त्यावर चप्पल काढून चालत.

"माझ्या ब्लॉकवर नारळ आपटायचा न्हाय," ते म्हणाले. "तडा गेला तर पुन्हा पयल्यापासनं अर्ज."

"मग काय तुमच्या डोक्यावर फोडू?"

"एवढं लोखंड उभं हाय की समोर! हाण त्याच्या कोपऱ्यावर."

आक्काताईंनाही त्यात गैर वाटलं नाही. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे लोखंड. ज्या तांबड्या एसटीत त्यांनी निम्मा जन्म काढला, तिला म्हैस धडकली तरी म्हशीलाच बाम लावावा लागे. फिटर नवऱ्यानं लोखंड म्हणून सांगितल्यावर बायकोनं टिचकी मारून का बघावं? त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि हात उचलला.

ब्लॉक मात्र वाचले. बाळासोंनी हे त्या दिवसात दोनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा बोलले नाहीत.

लोक पांगेपर्यंत फोन वाजला. आजऱ्याहून चिमणाबाई. आक्काताईंची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. धाकटीचं नाव आजीवरून आक्काताई ठेवल्यामुळं थोरलीला जन्मभर धाकटीला आक्का म्हणावं लागलं. ते तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही, पण विसरलीही नाही.

"आक्के, आली का गं गाडी?"

"आली की."

"संडास हाय न्हवं आत?"

"आहे."

"कडी?"

"कडीपण आहे, चिमाक्का."

"मग झालं तर. पोरं मोबाईलात दावायलीत, धरणाची सातीच्या साती दारं उघडल्यात म्हणं. आईतवारपतोर ऱ्हातील न्हवं?"

"राहतील की," आक्काताई म्हणाल्या, आणि भोकातल्या शेंडीकडं बघत बसल्या.

आता ही दारं आणि ही कडी काय, ते सांगायला हवं. आक्काताईंच्या पिढीच्या बाया प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नसत. पहाटे चहाचे दोन घोट, मग घशाला कोरड पडली तरी नाही. वाटेत जायचं कुठं? पुरुष फाट्यावर उतरून झाडाकडं तोंड करत, बाया पदरानं तोंड पुसत बसून राहत. शाळेच्या सहलीत आक्काताईंनी मुलींच्या बाटल्या काढून घेतलेल्या होत्या. ते आठवलं की अजून त्यांना आतून चिमटा बसे. चिमणाबाईंना आता गुडघ्यांमुळं आडोशालाही बसता येत नव्हतं आणि तासाभराच्या वर धीरही धरता येत नव्हता. सहा वर्षं त्या आजऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. लग्नं झाली, बारशी झाली. "माझं आशीर्वाद सांगा," म्हणून घरीच.

आणि राधानगरीचं तर जुनंच होतं. त्रेसष्ट वर्षांपूर्वी, आक्का आठ वर्षांची, चिमी पंधराची. धरण भरलं की दारं आपोआप उघडतात, माणूस लागत नाही, हे वडिलांनी कुठंतरी ऐकलं आणि दोघींना दाखवायला निघाले. निम्म्या वाटेत एका फाट्यावर एसटी थांबली तेव्हा चिमी उठली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, मला जायचंय." धाकटीला सोबत घेऊन ती खाली उतरली. जवळच्या शेतात भांगलणीची, तण काढणारी माणसं, पलीकडं गुराखी. आडोसा शोधता शोधता दोघी लांब गेल्या. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, माणसं हसली, वडील शरमून खाली उतरले आणि एसटी गेली. पुढची संध्याकाळी. चालतच परत आले तिघं, निम्मं अंतर बैलगाडीत. वडिलांनी चिमीला एक थोबाडीत दिली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. त्यानंतर घरात कुठलंही कार्य असो, मामा-काका हसत सांगायचे, "चिमीनं धरण बुडवलं." चिमणाबाईही हसायच्या.

त्या दिवशी लागली होती ती आक्काला.

तिनं एसटीत बहिणीच्या कानात सांगितलं होतं आणि वडिलांच्या भीतीनं रडायला लागली होती. म्हणून चिमी उठली. हे आक्काताईंनी त्रेसष्ट वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. बाळासोंनाही नाही, लेकीला, मोनालाही नाही. सांगायची वेळ दर वर्षी यायची आणि दर वर्षी कुणीतरी आधी हसायचं. जावयानं गाडी घेतल्याचं कळलं तेव्हा मोनानं विचारलं, "आई, तुला कुठं जायचंय?" आक्काताईंनी क्षणभरही विचार केला नव्हता.

तर अशी ती गाडी. आणि अशी तिला पडलेली ती खिडकी.

सोमवारी नारळ काढायचं ठरलं. बाळाबाईंचं म्हणणं, कुंकू लागलेला नारळ असा ओढून काढत नाहीत, आधी अक्षता टाकून उत्तरपूजा करायची. "कुंकू लावायला कुणी सांगितलं होतं?" असं आक्काताईंच्या ओठांवर आलं होतं, पण शेजार आहे. अक्षता टाकल्या. बाळासोंनी मग हुकानं नारळ ओढला. नारळ आला, आणि त्याच्याबरोबर भोकाच्या काठाचा एक तुकडाही आला. नारळाएवढं होतं ते पपईएवढं झालं. नारळ अजून अखंडच. तो आक्काताईंनी देव्हाऱ्यात ठेवला. बाहेर ठेवला असता तर दर येणाऱ्यानं हातात घेऊन वजन बघितलं असतं.

गल्ली सल्ला द्यायला जमली. कोल्हापुरात सल्ला मागावा लागत नाही, दार उघडं ठेवलं की पुरतं. एकानं सायकलचं ठिगळ सुचवलं. एकानं चुना आणि गूळ. वाडवडिलांच्या भिंती त्यावर उभ्या आहेत म्हणे. तालीम मंडळाचा अध्यक्ष आदर्श म्हणाला, "बाई, एक मोठा स्टिकर चिकटवा. पलीकडं डोंगर हाय, अलीकडं वाघ लावा. जावयाला वाटंल कंपनीचाच हाय."

"मी फसवणूक करणार नाही," आक्काताई म्हणाल्या. मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. पण आत जाऊन त्यांनी डोंगराचं चित्र नेमकं केवढं आहे ते मनात मोजलं, हेही खरं.

बाळासोंनी एम-सीलच्या सहा पुड्या मळून लावल्या. वर अंगठ्यानं सारवलं. दुपारी पाऊस आला आणि संध्याकाळपर्यंत तो गोळा हळूहळू खाली सरकत, दमलेल्या माणसासारखा ब्लॉकवर येऊन बसला. ब्लॉकला घट्ट चिकटला मात्र. तिथं तो अजून आहे.

"सहा दारं," फोनवर चिमणाबाई म्हणाल्या. "एक झाकलं."

मंगळवारी विमा. कागद गाडीच्या कपाटात होते, त्यावर कंपनीच्या इथल्या शाखेचा पत्ता स्टेशन रोडचा होता. कचेरीतला माणूस सभ्य होता. पाणी दिलं, खुर्ची दिली. मग विचारलं, "अपघात कसा झाला?"

"नारळ लागला," आक्काताई म्हणाल्या.

त्यानं संगणकावर बराच वेळ शोधलं. धडक होती, आग होती, पूर होता, दंगल होती. नारळ नव्हता. "झाडावरून पडला का? झाडावरून पडला असेल तर दैवी आपत्तीत बसवता येईल."

"देवासाठीच होता की," बाळासो म्हणाले. "देवाची करणी आन् नारळात पाणी."

"नाही, म्हणजे आला कुठून तो?"

"बाजारातनं."

"म्हणजे कुणीतरी मारला. मग त्या इसमाविरुद्ध पोलिसांत तक्रार लागेल. इसमाची ओळख पटली आहे का?"

आक्काताई ताठ बसल्या. "पटली आहे," त्या म्हणाल्या. "मीच तो इसम."

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. मग फार हळू आवाजात सांगितलं की काही झालं तरी अर्जावर सही गाडीच्या मालकाची लागेल, आणि मालक तर पृथ्वीराजराव. दोघं नमस्कार करून बाहेर पडले. जिन्यात बाळासो म्हणाले, "दंगल लिहिलं असतं तर बसलं असतं बग." आक्काताई त्यांच्याशी रंकाळ्यापर्यंत बोलल्या नाहीत.

बुधवारी गुंडू आला. उद्यमनगरात त्याचा मोटारींचे पोचे काढायचा गाळा. त्यानं भोकात हात घालून बघितलं, लाकडी हातोडा काढला आणि म्हणाला, "दोन मिंटाचं काम." पहिल्या ठोक्याला भोकापासून एक रेघ निघाली. दुसऱ्याला आणखी दोन. तिसऱ्या ठोक्याला गाडीच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली, हातभर लांब. गुंडूनं हातोडा पिशवीत घातला. पंचवीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"बाई, ह्यो पत्रा न्हाय. फायबर हाय. ही माझी वस्तू न्हवं. तुमी असं करा, धम्मपालच्या पोरीकडं जावा. ती नावा जोडती."

धम्मपाल आणि त्यांची मुलगी सोनम यांची शेड उद्यमनगराच्या मागच्या अंगाला. दारात तीन मोर, एक बिनसोंडेचा हत्ती आणि एक पालथी नाव. मोर-हत्ती लग्नाच्या हॉलवाल्यांचे. नाव पुरात माणसं काढायची. धम्मपाल आता बसून सांगायचे, हातानं करायची सोनम. तिशीची, केसांना रुमाल, हातमोज्यांवर पांढरी पुटं. तिनं आक्काताईंच्या मोबाईलमधला फोटो मोठा करून बघितला.

"ठोकलं कुणी?"

"गुंडूनं."

"आन् एम-सील?"

"आमच्या ह्यांनी."

"आन् पयल्यांदा फोडलं कुणी?"

आक्काताईंनी पदर सावरून बिनसोंडेच्या हत्तीकडं पाहिलं. सोनम हसली नाही, त्याबद्दल आक्काताईंनी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

गाडी ओढून न्यायला जीप नव्हती, म्हणून सोनमच सामान घेऊन गल्लीत आली. आल्या आल्या तिनं कटर लावला आणि भोक मोठं करायला सुरुवात केली. परातीएवढं. बाळासो कासावीस झाले.

"अगं पोरी, बुजवायला बोलीवलंय तुला!"

"आजोबा, तडा गेलेलं सगळं काढल्याबिगर नवीन धरत न्हाय. वरनं लिंपलं तर दिसाय बरं दिसतंय, आतनं सुटलेलंच ऱ्हातंय. कडा उतरत्या घासायच्या, लांबवर. मग आतल्या अंगानं आधार द्यायचा आन् काचेच्या धाग्याची चटई रेझिनच्या पातळ डिंकात भिजवून एकावर एक बसवायची. घाई केली की गेलं."

आक्काताई पायरीवर बसून ऐकत होत्या. वरून लिंपलेलं त्रेसष्ट वर्षं टिकतं, असं त्यांना म्हणावंसं वाटलं. पण हे टिकणं कसलं, ते त्यांनाच ठाऊक होतं.

"तू नावा जोडतेस म्हणे," त्या म्हणाल्या. "एकवीसच्या पुरात मला इथनंच नावेतनं काढलं होतं. नावेच्या तळाला असं ताटाएवढं ठिगळ. मी चढेना. तो नाववाला म्हणाला, आज्जी, ठिगळाच्या जागी नाव कधी फुटत नाही, फुटली तर दुसरीकडं फुटते. तू लावलेलं असेल ते?"

सोनमनं खांदे उडवले. "त्या साली लई नावा आल्यात्या शेडवर. असंलही, नसंलही."

पहिला थर बसला आणि पाऊस आला. ओलीत रेझिन धरत नाही. आक्काताई अंगणात उभ्या राहून आभाळाला ओरडणार, एवढ्यात तालमीची पोरं गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि ताडपत्री घेऊन धावली. अर्ध्या तासात गाडीवर मांडव उभा राहिला. ऊब मिळावी म्हणून आदर्शनं दोन हॅलोजन लावले. झालं! रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. "यंदा लौकर मांडव घातलासा? देखावा काय हाय?" एका बाईनं लांबूनच हात जोडले. बाळाबाईंना तर कारणच हवं होतं. त्यांनी मांडवाच्या खांबाला आंब्याचा डहाळा बांधला.

गुरुवारी सकाळी थर अजून चिकट. सोनम दुसऱ्या कामावर गेली होती, दुपारी येणार होती; डबे ओसरीवर ठेवलेले. बाळासोंनी बघितलं होतं की रेझिनमध्ये हार्डनरचे थोडे थेंब घातले की ते घट्ट होतं. फिटर माणूस. थोड्यानं थोडं घट्ट होतं तर जास्तीनं लवकर घट्ट होईल, असा सरळ हिशेब. त्यांनी कारखान्यानं निवृत्तीला दिलेल्या स्टीलच्या डब्यात रेझिन ओतलं आणि हार्डनरची वाटी उपडी केली. ब्रश घालून ढवळायला लागले तोच डबा तापला, मग धूर निघाला, आणि बाळासो "आक्के!" म्हणून ओरडेपर्यंत ब्रश डब्यात झेंड्यासारखा उभा राहून गेला. डब्यावर 'निष्ठापूर्वक सेवेबद्दल' असं कोरलेलं आहे. ब्रश अजून निघालेला नाही.

उरलेलं रेझिन पुरणार नव्हतं. नवीन आणायला, वाळायला, दिवस गेला.

"चार दारं," चिमणाबाईंचा फोन. मग जरा थांबून, "आक्के, गाडीचं काय झालंय का? तुझा आवाज असा का?"

"काही नाही गं. पाऊस आहे."

"आमच्याकडं न्हाय पाऊस. उघडीप दिलीया." पुन्हा थांबून, "ह्या साली न्हाय जमलं तर ऱ्हाऊं दे. पुढल्या साली बगू."

फोन ठेवला तरी ते 'पुढल्या साली' आक्काताईंच्या कानात राहिलं. साठ वर्षं त्या बाईनं कशालाही पुढल्या सालीच म्हटलं होतं.

शुक्रवारी ऊन पडलं. असं कडक, की ताडपत्री काढून टाकली. सोनमनं थर चढवले, रुळानं दाबून हवा काढली. दुपारपर्यंत ते दगडासारखं टणक झालं. गल्ली खूश. आक्काताई मात्र ऊन बघत होत्या आणि त्यांना कळेना की हसावं की काय करावं. गाडी वाळायला ऊन हवं. धरणाची दारं उघडी राहायला पाऊस हवा. दोन्ही आपल्यालाच हवं. वर कुणी ऐकत असेल तर त्यानं या बाईचं नेमकं काय ऐकायचं?

संध्याकाळी फोन आला. "दोन."

शनिवारी रंग. पांढऱ्या गाडीला पांढरा, यात काय आहे, असं सगळ्यांना वाटलं. सोनमनं चार पांढरे आणले होते, चारही वेगळे. "दुधासारखा लाव," बाळासो म्हणाले. "गाईच्या का म्हशीच्या?" सोनम म्हणाली, आणि तिथं गल्लीचे दोन तट पडले. शेवटी गाडी गाईच्या दुधाची निघाली आणि ठिगळ म्हशीच्या. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं, गुळगुळीत. पण तिरपं बघितलं की परातीएवढा पूर्ण चंद्र दिसे.

"आणखी घासून बगते," सोनम म्हणाली.

"राहू दे," आक्काताई म्हणाल्या. "दिसायलाच हवं ते."

त्यांचं ठरलं होतं. जावई आले की दारातच, चहाच्या आधी, स्वतः सांगायचं. वाक्यंही तयार होती, तीन, मुद्देसूद. पण जीप गल्लीच्या तोंडाशी वळली आणि आदर्शनं तिथूनच आरोळी दिली, "जावई! सासूबाईंनी गाडीला नारळ हाणला! पर आता टकाटक हाय!" मागून बाळाबाई, "पूजा केली होती आमी आधी!" त्यामागून बाळासो, "ब्लॉक वाचले!"

आक्काताईंची तिन्ही वाक्यं घशातच राहिली. पृथ्वीराजराव उतरले, गाडीला वळसा घातला, खाली वाकले, ठिगळावरून तळहात फिरवला. बराच वेळ.

"आई, हे काम कुणी केलं?"

"मी," आक्काताई म्हणाल्या. "मीच हाणला. मला वाटलं लोखंड आहे."

"तसं नाही. दुरुस्तीचं."

"ते सोनमनं. फोडलं मी, जोडलं तिनं."

पृथ्वीराजरावांनी इकडंतिकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. "तिचा नंबर मिळेल? तो पलीकडचा डोंगर आहे ना... त्याच्या मागं दीड हात चीर आहे. पहिल्याच आठवड्यात टोलनाक्याच्या खांबाला घासली मी. मोनाला सांगितलेलं नाही."

आक्काताईंनी जावयाकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना तो घरचा वाटला. "नंबर देते," त्या म्हणाल्या. "पण मोनाला तुम्ही सांगायचं. माझं ऐका, राहून जातं."

रविवारी सकाळी आजऱ्याला पोचले. चिमणाबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेल्या. गाडी आतून बघितली, कडी दोनदा लावून काढून बघितली. चालत्या गाडीत आत बसायचं नाही, बसायचं जीपमध्येच, लागलं की थांबायचं, असं जावयानं समजावलं. "म्हंजे एसटीवाणीच," त्या म्हणाल्या, "फकस्त कंडक्टर घरचा." बाहेर येताना त्यांचा हात ठिगळावर टेकला. "हे काय?" आक्काताईंनी सगळं सांगितलं, नारळापासून. चिमणाबाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसवावं लागलं.

निघताना घरच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सवयीनं चिमणाबाईंचा हात नको म्हणून वर आला. मग त्यांनी मागं, जीपला जोडलेल्या गाडीकडं पाहिलं, तांब्या घेतला आणि उभ्यानं, न थांबता, तळापर्यंत रिकामा केला.

"आणि हाय?" म्हणाल्या.

राधानगरीच्या अलीकडं पोचेपर्यंत मोबाईलात आलंच होतं. शेवटचं दार सकाळी आठ वाजता झाकलं. धरणावर दिसणार होती ती ओली भिंत. चिमणाबाई खिडकीतून बघत होत्या. भात पोटऱ्यात आलेलं, ऊस डोक्याच्या वर. एकदम त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं, हितं थांबवा."

फाटा तोच होता. पत्र्याची शेड नवी होती, चहाची टपरी नवी होती, पण रस्ता तसाच वळत होता आणि पलीकडं तोच माळ. टपरीपुढं सात-आठ पुरुष बसलेले. सगळ्यांनी माना वळवून जीपच्या मागच्या घराकडं पाहिलं.

आक्काताईंनी बहिणीला हात देऊन उतरवलं. गाडीच्या दाराशी त्या थांबल्या. हात सुटेना.

"चिमाक्का," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला लागली होती. तुला नाही."

चिमणाबाईंनी एक पाय पायरीवर ठेवला. टपरीकडं, माळाकडं, वळणाकडं एकदा नीट पाहून घेतलं.

"म्हाईत हाय की मला," त्या म्हणाल्या. "मीच उठले न्हवं का. पर आज मला लागलीया. हो बाजूला."

त्या आत गेल्या. आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशी, आतून कडी लागली.